इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स २०१७ : आहार मोजणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

मी आहारतज्ज्ञ आहे, दवाखान्यात पेशंट बघते आणि मधेमधे आहाराच्या सर्वेला पण जाते, कधी साताऱ्याकडची गावं, कधी सोलापूरकडची, कधी कोकणपट्टी. या कामात ज्या पुस्तकावाचून माझं पान हलत नाही ते म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, म्हणजे आपल्या एनआयएनचे हे तक्ते, १०० ग्रॅम पदार्थात कुठला घटक किती ते सांगणारे. काटे, वाट्या, अ‍ॅप यांचे रिव्ह्यू सगळीकडे सापडतात पण याच्याबद्दल मराठीत कुणी धड लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून लिहितेय.

आत काय आहे? ५२८ खाद्यपदार्थ आणि एकूण १५१ घटक. देशाचे सहा विभाग करून तिथल्या बाजारातून नमुने आणले, आणि मग प्रोटीन, फॅट, फायबर, जीवनसत्त्वं, खनिजं, फॅटी अ‍ॅसिड, अमिनो अ‍ॅसिड, अगदी फायटेट आणि ऑक्झॅलेटपर्यंत (खनिजं अंगी लागू न देणारे घटक) सगळं मोजून काढलं. पदार्थांची मराठी नावंही आहेत त्यामुळे शोधाशोध फार करावी लागत नाही. आपल्याकडे असे तक्ते पहिल्यांदा निघाले १९३७ साली, आयक्रॉइड नावाचे पोषणशास्त्रज्ञ तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत होते त्यांनी काढले, मग पोषणशास्त्रज्ञ गोपालन आणि सहकाऱ्यांची आवृत्ती आली, ती १९८९ ला सुधारली आणि तीच आमच्या पिढीने कॉलेजात पाठ केली. त्यानंतर थेट २०१७. इतक्या वर्षांनी सगळं नव्याने मोजायला घेणं किती किचकट काम असेल याचा विचार केला तरी दडपण येतं.

आता हे लागतं कुठे ते सांगते. एखाद्या बाईला विचारलं की काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं. याला आमच्यात चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. ती सांगते, सकाळी चहा, मग भाकरी आणि मेथीची भाजी, दुपारी परत भाकरी आणि आमटी, संध्याकाळी चहाबरोबर बटर, रात्री भात. मग हे वाटी-पळीच्या मापात घ्यायचं, त्याचं वजन काढायचं, त्यात कच्चं धान्य किती, डाळ किती, तेल किती गेलं ते त्या घरातल्या बनवण्याच्या पद्धतीवरून काढायचं, आणि ते ग्रॅम घेऊन तक्त्यात जायचं. शेवटी जो आकडा येतो, की या बाईच्या पोटात काल इतकं लोह गेलं, तो निम्मा त्या बाईच्या आठवणीवर आणि निम्मा या तक्त्यावर उभा असतो. १९७२ पासून २०१५ पर्यंत राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरो हेच काम महाराष्ट्रासकट बऱ्याच राज्यांत करत होता, ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच घेऊन लोक घरोघरी जायचे. तो बंद झाला याचं मला अजून वाईट वाटतं. कारण आता जे मोठे सरकारी सर्वे आहेत त्यातला एक घरखर्चाचा आहे, त्यात महिन्याला घरात किती तेल आलं ते कळतं पण सुनेच्या ताटात त्यातलं किती आलं ते कळत नाही, आणि कुटुंब आरोग्याचा जो सर्वे आहे तो विचारतो की दूध, डाळ, पालेभाजी, अंडी रोज खाता का, आठवड्यातून की कधीतरी. किती ग्रॅम ते त्यात येतच नाही. माणसाच्या ताटातलं मोजणारं काम आता बरंचसं तुकड्या-तुकड्यांनी चालतं, कुठे एखादी संस्था, कुठे एखादं मेडिकल कॉलेज, आणि या सगळ्यांना एका मापात धरून ठेवणारं काही असेल तर ते हे तक्ते.

पोह्यांचं उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. नव्यात तेच साडेचारच्या आसपास आहे. आता बघा, एका माणसाला कांदेपोह्यांना साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर जुन्या हिशोबाने १२ मिलिग्रॅम लोह मिळतं आणि नव्याने पावणेतीन. बाईमाणसाची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम, ही २०२० ची, म्हणजे एकीकडे चाळीस टक्के गरज नाश्त्यातच भागली असं दिसतं आणि दुसरीकडे दहावा हिस्सा पण नाही. ताट तेच, पोहे तेच, बाई तीच. आपल्याकडे वर्षानुवर्षं पोहे म्हणजे लोह असं सांगितलं गेलं, शाळेच्या तक्त्यांवर, अंगणवाडीच्या भिंतीवर, आणि अजूनही कित्येक डाएट चार्टमध्ये तो २० चा आकडा फिरतोय. पोहे वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, लिंबू पिळून, शेंगदाणे घालून खावेत, पण हिमोग्लोबिन आठ असलेल्या पोरीला पोह्यांच्या भरवशावर ठेवू नका एवढंच सांगणं आहे.

उलट दिशेचं पण आहे. शेवग्याच्या पाल्याचं लोह जुन्या तक्त्यात एक मिलिग्रॅमसुद्धा नव्हतं, नव्यात साडेचारच्या वर आलं, कॅल्शियम मात्र ४४० वरून ३१४ वर उतरलं. बाजरीचं लोह ८ वरून साडेसहाच्या खाली आलं. नाचणीचं कॅल्शियम ३४४ होतं ते ३६४ झालं, म्हणजे नाचणी आपल्या जागी ठाम आहे, हे बघून मला खरंच बरं वाटलं कारण मी रोज चार जणांना तरी नाचणी सांगते. म्हणून कुणी जुन्या आणि नव्या सर्वेची तुलना करून लोकांच्या आहारातलं लोह घटलं असा निष्कर्ष काढत असेल तर आधी विचारायचं की दोन्ही वेळेला तक्ता कोणता वापरला. खाणं न बदलता सुद्धा आकडा बदलतो.

यातच या पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद आहे असं मला वाटतं. युरोपात एपिक नावाचा प्रचंड अभ्यास झाला, १० देश, पाच लाखांहून जास्त माणसं, आहार आणि कॅन्सर यांचा संबंध शोधायला. तिथे अडचण अशी की प्रत्येक देशाचा तक्ता वेगळा, कुणी फायबर एका पद्धतीने मोजलेलं तर कुणी दुसऱ्या, आणि मग फ्रान्सची बाई जास्त फायबर खाते की फ्रान्सचा तक्ता जास्त फायबर दाखवतो हेच कळेना. त्यांना प्रश्न विचारायचं सॉफ्टवेअर सगळ्या देशांसाठी एकसारखं करावं लागलं आणि वर सगळ्यांचे तक्ते जुळवून वेगळा डेटाबेस बांधावा लागला. आपल्याकडे केरळची मासे-भात खाणारी माणसं, पंजाबची गहू-दूधवाली, आपली ज्वारी-बाजरीवाली, खाण्याचा फरक तर युरोपापेक्षा जास्त, पण तक्ता एक, एकाच संस्थेच्या देखरेखीखाली एकाच पद्धतीने मोजलेला. नंदुरबार आणि नाशिक शहराची तुलना करायची तर निदान तक्त्यामुळे आलेला घोळ तरी मधे येत नाही. हे फार मोठं काम झालंय आणि त्याचं कौतुक पुरेसं झालेलं नाही.

वापरायला कसं आहे? प्रत्येक आकड्यापुढे प्लस-मायनस (म्हणजे नमुन्यानमुन्यांत किती फरक पडला ते) दिलेलं आहे आणि किती विभागांतून नमुना आला तो रकाना आहे. नवीन लोक हा रकाना बघतच नाहीत. माझी कळकळीची विनंती, तो आधी बघा. सहा असेल तर निवांत वापरा, एक असेल तर तो पदार्थ एकाच भागातून आलाय हे डोक्यात ठेवा. ऊर्जा मात्र किलोज्यूलमध्ये दिली आहे आणि हा त्रास रोजचा आहे. आपल्याकडे पेशंटपासून डॉक्टरपर्यंत सगळे कॅलरीत बोलतात, त्यामुळे दरवेळी ४.१८४ ने भागत बसायचं, ज्वारी १३९८ म्हणजे ३३४ कॅलरी, बाजरी १४५६ म्हणजे ३४८. मी एक्सेलमध्ये एकदा शीट करून ठेवलं, तुम्हीही तसंच करा. माशांचा भाग सुरेख आहे, सागरी माशांच्याच नोंदी नव्वदच्या वर आहेत, बांगडा, सुरमई, पापलेट सगळं. रत्नागिरी-मालवण-गोव्याकडे काम करणाऱ्यांना यासाठी तरी हे हवंच, कारण तिकडच्या ताटातून मासे नीट मोजले नाहीत तर उरतो फक्त भात.

आता अर्धा मार्क कशासाठी कापला. हे तक्ते मुख्यतः कच्च्या मालाचे आहेत. भाकरी नाही, पिठलं नाही, आमटी नाही, थालीपीठ नाही. ब्रिटनमध्ये मॅकान्स आणि विडोसन यांनी १९४० साली जे तक्ते काढले त्यात शिजवलेले पदार्थ होते, आणि त्या परंपरेत आजही आहेत. आपल्याकडे शिजलेल्या पदार्थाचा हिशोब ज्याने त्याने करायचा. आणि इथेच माणसागणिक फरक पडतो, कारण सर्वे करणारी शहरातली मुलगी एक भाकरी म्हणजे ५५ ग्रॅम पीठ धरते आणि प्रत्यक्षात शेतावर जाणाऱ्या बाईची भाकरी ११० ग्रॅम पिठाची असू शकते, म्हणजे एका भाकरीत १८४ कॅलरी की ३६७, आणि ती दिवसाला चार खाणार. आमटी तर विचारूच नका, एका घरात डाळ पळीला लागते आणि दुसऱ्या घरात नुसतं पिवळं पाणी, महिना अखेरीला तेच घर पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं. शिजवताना फोलेट आणि क जीवनसत्त्व किती उडालं तो हिशोब वेगळाच. हल्ली २०२४ मध्ये इंडियन न्यूट्रियंट डेटाबँक नावाचा खुला डेटाबेस आलाय, त्यात या तक्त्यांचाच आधार घेऊन हजाराच्या आसपास तयार पदार्थांचे हिशोब आहेत, तो जरूर बघा, पण त्यातली रेसिपी ही एक ठरवलेली रेसिपी आहे, तुमच्या पेशंटच्या घरची नाही. शक्य तिथे घरचीच रेसिपी विचारून घ्या, पातेल्यात किती डाळ टाकली आणि किती माणसं जेवली, एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

दुसरी उणीव बी-१२ ची. पाण्यात विरघळणारी बाकीची जीवनसत्त्वं आहेत, बी-१२ नाही. माझ्या शाकाहारी पेशंटमध्ये, जिथे दर दुसऱ्याचा रिपोर्ट कमी येतो, तिथे हे नसणं खूप जाणवतं. दूध, दही, अंडी यांचे आकडे आम्हाला अमेरिकी कृषी खात्याच्या डेटाबेसमधून घ्यावे लागतात, आणि तिकडच्या दुधाचा आकडा आपल्या म्हशीच्या दुधाला लावताना हात अडखळतो.

आणि तिसरी गोष्ट उणीव म्हणून नाही, पण लक्षात असू द्या. एका पदार्थाला एक आकडा, पण शेतात वाण वेगवेगळे असतात. धनशक्ती नावाची जास्त लोहाची बाजरी महाराष्ट्रातच आधी आली. ग्रामीण महाराष्ट्रात शाळकरी मुलांना अशी जास्त लोहवाली बाजरी सहा महिने खायला देऊन बघितली तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला, हे २०१५ ला छापून आलंय. आता ज्या गावात ही बाजरी पेरली जाते तिथे तक्त्यातला सरासरी आकडा लावला तर कमी धरला जाणार. म्हणून बी कुठून आणलं, रेशनचं धान्य किती आणि घरचं किती, हा प्रश्न मी फॉर्ममध्ये हाताने लिहून टाकते. फायटेटचा रकाना पण इथेच कामी येतो, कारण बाजरीतलं लोह नुसतं असून उपयोग नाही, फायटेट त्याला किती धरून ठेवतंय ते बघायला लागतं.

काट्याबद्दल दोन ओळी कारण बरेच जण विचारतात. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, टेअरचं (भांड्याचं वजन वजा करणारं) बटण असलेला कुठलाही डिजिटल किचन काटा चालतो. वरची पाटी अख्खं ताट बसेल एवढी मोठी घ्या, जमीन सपाट नसेल तर खाली फळी ठेवा, आणि किराणा दुकानात असतं तसं शिक्का मारलेलं २०० ग्रॅमचं वजन बरोबर ठेवून सकाळी एकदा तपासा. ब्रँडपेक्षा हे तपासणं महत्त्वाचं. वाट्या मात्र त्या घरातल्याच वापरा, आधी पाणी भरून त्यांचं माप काढा आणि मग विचारायला बसा.

फोनवरच्या अ‍ॅपांचं म्हणाल तर मी कुणाचं नाव घेत नाही, कारण ती महिन्या-महिन्याला बदलतात. तपासायची एकच गोष्ट, "एक कटोरी डाळ" लिहिल्यावर ती कटोरी किती ग्रॅमची आणि आकडे कोणत्या तक्त्यातले हे अ‍ॅप सांगतं का. सांगत नसेल तर स्क्रीनवरच्या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांना काही अर्थ नाही. एनआयएनचं स्वतःचं न्यूट्रिफाय इंडिया नाऊ म्हणून अ‍ॅप २०१९ मध्ये आलं होतं, ते निदान याच घरातलं आहे.

तक्ता कितीही चांगला असला तरी एका दिवसाच्या रिकॉलवर एका माणसाबद्दल निकाल देऊ नका, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आपले सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, रोमला अन्न आणि कृषी संघटनेत जवळपास दोन दशकं आकडेवारीचं खातं सांभाळलेले, यांनी हाच मुद्दा जगापुढे लावून धरला की एकाच निरोगी माणसाचं खाणं सुद्धा दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होतं. पुण्यातच अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोजच्या २२५० कॅलरीची रेघ धरून गरिबीचा हिशोब मांडला होता, आणि सुखात्म्यांचं म्हणणं की सरासरीच्या रेघेखाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी असतोच असं नाही. त्या वादात कोण बरोबर यावर मोठी मोठी माणसं भांडली आहेत, आणि खालीवर होण्याच्या नावाखाली खरी उपासमार झाकली जाऊ नये ही भीती मला पण रास्त वाटते. पण फील्डवर त्यांचा मुद्दा पदोपदी दिसतो. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रिकॉल घेतला तर साबुदाणा आणि शेंगदाणेच येणार, बाजारच्या दुसऱ्या दिवशी ताटात भाजी जास्त दिसणार, श्रावणात मटणाची नोंद जवळपास शून्य. गावाची सरासरी काढायची तर वेगवेगळ्या वारी वेगवेगळी घरं घेऊन निभावतं, पण एका माणसाबद्दल बोलायचं तर दोन-तीन वेगळे दिवस घ्यायलाच हवेत, त्यात एक सुट्टीचा.

आणि कधीकधी ग्रॅमपेक्षा "किती वेळा खाल्लं" हा साधा प्रश्न जास्त सांगून जातो. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलच्या टीमने गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, १९९० च्या दशकात, त्यात आईच्या कॅलरी आणि प्रोटीन यांचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराशी संबंध दिसला नाही, पण दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याचा ठळक दिसला. २००१ ला ते छापून आलं. म्हणून माझ्या फॉर्ममध्ये दोन्ही असतं, रिकॉल पण आणि वारंवारितेची यादी पण, वेळ जास्त लागतो, बायका कंटाळतात, मग मी त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसते आणि विचारत राहते.

घ्यायचं कुणी? आहारतज्ज्ञ, होम सायन्सचे विद्यार्थी, पीएचडीवाले, अंगणवाडी किंवा शालेय आहारावर काम करणाऱ्या संस्था, यांनी हे डोळे झाकून घ्यावं. नुसतं वजन कमी करायचंय अशांना याची गरज नाही, त्यांनी काटा घ्यावा आणि भाकरीचं पीठ एकदा मोजून बघावं. पुढची आवृत्ती येईल तेव्हा माझी मागणी दोनच गोष्टींची, बी-१२ चा रकाना आणि मागे शिजवलेल्या पदार्थांचा भाग, त्यात प्रत्येक राज्यातले रोजचे पंचवीस-तीस पदार्थ जरी खऱ्या घरांतून उचलून मोजले तरी सर्वेतला निम्मा अंदाजपंचे कारभार थांबेल.